ज्येष्ठमधाची डबी

मंगळवारी सकाळी अकराच्या चहाच्या सुट्टीत सुलेखाने लॉकरमधून फोन काढला, तेव्हा स्वरांगीचे सहा मिस्ड कॉल होते. स्वरांगी एवढे कॉल कधी करत नसे. ती मेसेज पाठवायची, आणि मेसेजच्या शेवटी जोडलेले हात.

नर्सिंग होमच्या मागच्या दारात वारा अंगावर येत होता. सुलेखाने दार पाठीने लोटून धरलं आणि फोन लावला.

"ताई, अण्णांना ॲडमिट केलंय. परवापासून." अण्णा म्हणजे स्वरांगीचे सासरे. डिसेंबरात लेकाकडे, हृषीकेशकडे, राहायला आले होते. "तुम्हाला सांगणारच होते, पण हृषीकेश म्हणाला, उगाच कशाला सगळ्यांना फोन."

"काय झालं?"

"पायातलं बळच गेलं हो. खुर्चीतून उठायला गेले आणि उठताच येईना. त्यात छातीत धडधड. इथे म्हणतात, पोटॅशियम फार खाली गेलंय. दोन दिवस सलाईनमधून सोडतायत. काल संध्याकाळी दोन पॉइंट सहा झालं होतं, आज सकाळी परत दोन पॉइंट चार. त्यांनाही कळत नाहीये. भरतायत आणि गळतंय."

निरोगी माणसात साडेतीनच्या वर असतं; दोन पॉइंट चार म्हणजे काय, हे सुलेखाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मॉनिटरवरची हिरवी रेघ तिच्या डोळ्यांसमोर आली. आधी एक लाट बसते, मग मधेच एक ठोका चुकतो, मग कधीकधी सगळेच चुकतात.

"उलट्या? जुलाब?"

"नाही."

"जेवतात?"

"कुठलं! तिथला बटाटा बघूनच तोंड फिरवतात. तुमची पूड तेवढी मनापासून घेतात. डबीच नेऊन ठेवलीय मी उशाशी. म्हटलं, निदान ओळखीचं काहीतरी पोटात जाऊ दे."

"कुठली पूड?" सुलेखाने विचारलं. तिला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"ज्येष्ठमध हो. तुम्हीच दिलेलं."

"स्वरांगी, ते आठ दिवसांचं होतं. जानेवारीतलं."

"हो, पण गुण आला ना! संपलं तसं मी डब्लिनहून मागवलं. तेच, त्याच कंपनीचं. आयुर्वेदिकच आहे म्हटलं, झाला तर फायदाच होईल."

वाऱ्याने तिच्या हातातला कागदी कप उडवून नेला आणि तो चहासकट कुंपणाला जाऊन आपटला.

"नीट ऐक. हृषीकेशला आत्ता फोन कर. डबी उचलून घे म्हणावं, अण्णा रागावले तरी. यापुढे एक चिमूटही नको. आणि नर्सला सांग."

"नर्सला सांगितलंय की मी. कालच. हर्बल टी घेतात म्हणून. तिने लिहूनसुद्धा घेतलं."

सुलेखा मूळची कराडची. बीएएमएस झाल्यावर तीन वर्षं तिने एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात नोकरी केली. कॉलेजात ती दोष आणि धातू शिकली होती. नोकरीत शीर कशी शोधायची आणि मोठे डॉक्टर येईपर्यंत पेशंट कसा धरून ठेवायचा हे शिकली. पुढे अकरा वर्षं स्वतःचा दवाखाना चालवला. तिच्या टेबलावर डाव्या हाताला बीपीचं यंत्र असे आणि उजव्या हाताला खल. कुणाची चालू गोळी तिने आपणहून कधी बंद केली नाही. गोळ्या सोडा म्हणणारा वैद्य आणि काढे फेका म्हणणारा डॉक्टर, या दोघांच्या भांडणात पेशंट मरतो, असं ती म्हणायची. हसत म्हणायची, पण तिने तसे दोन पाहिले होते.

पाच वर्षांपूर्वी नवऱ्याला, विनयला, डब्लिनपासून लांब, लेटरकेनी गावाजवळ वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात काम मिळालं. इकडे आल्यावर तिने तिच्या पदवीबद्दल कुठेकुठे पत्रं पाठवली. उत्तरं फार सभ्य आली. तिसऱ्या सभ्य उत्तरानंतर तिने नर्सिंग होममध्ये केअर असिस्टंटचं काम धरलं. म्हाताऱ्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं, आणि तक्त्यात लिहायचं: अर्धं खाल्लं, झोप बरी. मिसेस गॅलहर दोन दिवसांनी आजारी पडणार, हे तिला त्यांच्या जिभेवरून आणि कातडीवरून आज कळायचं. पण तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. मग ती नर्सला सहज बोलल्यासारखं सांगायची. नर्स म्हणायची, "शी'ज ग्रँड, सुलेखा." ग्रँड म्हणजे इथे ठणठणीत. दोन दिवसांनी मिसेस गॅलहरना ताप यायचा.

यंदा त्रेचाळिसाव्या वर्षी तिला नर्सिंगच्या पदवीला प्रवेश मिळाला होता. सप्टेंबरपासून. प्रात्यक्षिकं गावातल्या हॉस्पिटलात. फेब्रुवारीत पत्र आलं, ते तिने ड्रॉवरमध्ये न ठेवता स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दाराला आतून चिकटवलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि पाच वर्षांत तीही म्हणायला लागली होती. हळदीचा डबा काढताना रोज पत्र दिसायचं.

गावात आणि आसपास मिळून बारा-चौदा मराठी घरं आहेत. त्या घरांपुरती सुलेखा डॉक्टर राहिली होती. मुलाचा खोकला, बाळंतिणीचं दूध, गुडघा, पित्त. दवाखाना नव्हता, तेव्हा ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात बसून ती बघायची. तिचा एकच नियम होता: आधी पिशवी. घरातल्या सगळ्या इंग्रजी गोळ्या टेबलावर ओतायच्या. प्रत्येक पाकीट ती उलटं करून वाचायची, वहीत उतरवायची, आणि मगच आपल्या बरण्यांकडे वळायची. लोक चेष्टा करत. "ताई, कस्टमवाले एवढं बघत नाहीत." ती म्हणे, "त्यांना तुम्हाला फक्त आत सोडायचं असतं. मला जिवंत ठेवायचंय."

अण्णांचीही पिशवी तिने ओतून घेतली होती.

त्यांचं नाव पुरुषोत्तम. वाळव्याकडचे, साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट म्हणून चौतीस वर्षं काढलेले. जानेवारीतल्या त्या रविवारी हृषीकेश सगळ्यांना मालिन हेडचा समुद्र दाखवून घेऊन आला, आणि संध्याकाळी स्वरांगीने सुलेखाला बोलावलं, कारण अण्णांचा कोरडा खोकला तीन आठवडे हटत नव्हता. ओट्याशी स्वरांगी पोह्यांवर घालायला कोथिंबीर चिरत होती. हृषीकेश बूट काढत होता. टेबलावर चार पाकिटं आणि एक बाटली. बीपीची, रक्त पातळ करायची, कोलेस्टेरॉलची, प्रोस्टेटची, बाटलीत कॅल्शियम.

"अण्णा, ह्याशिवाय आणखी काही? पायाला सूज येते का? लघवीची गोळी वगैरे?"

अण्णांनी खिडकीबाहेर बघितलं. "न्हाई. येवड्याच."

पायात बूट होते आणि आत मोज्यांचे दोन जोड. काढायला लावावेत का, असं तिच्या मनात येऊन गेलं. पोहे समोर आले. तिने नाडी पाहिली, बीपी पाहिलं, छाती ऐकली, वहीत लिहिलं: ज्येष्ठमध, दोन ग्रॅम, तीनदा, मधातून, आठ दिवस. बीपीच्या माणसाने हे जास्त दिवस घ्यायचं नसतं, हेही ती सांगतेच. त्या दिवशी सांगितलं का?

नर्सिंग होमच्या मागच्या दारात उभी राहून ती तेच आठवत होती. स्वरांगीचा चेहरा आठवत होता, पोह्यांवरचं खोबरं आठवत होतं. आपलं ते वाक्य आठवत नव्हतं.

मॅनेजरला तिने घरातलं माणूस हॉस्पिटलात आहे असं सांगितलं. विनय मंगळवारी घरून काम करतो. तो वीस मिनिटांत गाडी घेऊन आला. गाडीला पुढेमागे लाल एल लावलेला होता. सुलेखाची परीक्षा अजून व्हायची होती आणि ती चालवताना शेजारी विनयला बसावं लागे.

"उतर, मीच चालवते."

"आज? ह्या पावसात?"

"रिकामी बसले तर आणखी वाईट. उतर."

गाव खाली वाटीसारखं दिसत होतं आणि पाऊस आडवा येत होता. विनयने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "डबी उचलली ना त्यांनी?"

"उचलली असेल."

"मग झालं तर. आता तू तिथे जाऊन काय करणार आहेस?"

"त्यांच्या कागदावर हर्बल टी लिहिलंय. हर्बल टी म्हणजे पुदिना, विनय. कोण लक्ष देणार? ते कारण शोधतायत आणि कारण उशाशी ठेवलेलं होतं."

"मग स्वरांगीला सांगू दे. ज्येष्ठमधाला लिकरिश म्हण म्हणावं. इथली पोरं गोळ्या खातात त्याच्या, सगळ्यांना माहितीये. तुझं नाव कशाला मधे?"

"किती ग्रॅम, किती दिवस, त्यात आणखी काय होतं, हे स्वरांगी सांगणार?"

"सप्टेंबर, सुलेखा."

पोलस्टारच्या गोल चौकात तिन्हीकडून गाड्या येत होत्या.

"उजवीकडून येतोय."

"दिसतोय मला."

"दिसतोय तर ब्रेक दाब!"

तिने दाबला. गाडी गचका खाऊन बंद पडली. मागच्या माणसाने हॉर्न वाजवला नाही; इथे वाजवत नाहीत, आणि त्याचाच जास्त त्रास होतो. तिने गाडी पुन्हा सुरू केली.

"मी क्वालिटीमध्ये आहे," विनय हळू आवाजात म्हणाला. "माल खराब निघाला की आमच्याकडे पहिला प्रश्न एकच असतो. पास कुणी केला?"

"मग कुणीतरी 'मी' म्हणतं ना?"

"म्हणतं. मग त्याला दुसऱ्या लाइनवर टाकतात. कायमचं. त्याच हॉस्पिटलात तुला दोन-तीन वर्षं काढायचीयेत. अजून पाऊल टाकलं नाहीस आणि फाईलमध्ये नाव?"

"अण्णांचं नाव आहे त्या फाईलवर," ती म्हणाली.

वॉर्डच्या बाहेर हृषीकेश भिंतीला टेकून उभा होता. डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो घरून काम करतो; गळ्यात हेडफोन अजून लटकत होता, जणू मीटिंगमधून उठून आला असावा. त्याने जॅकेटच्या खिशावर हात ठेवला. डबी तिथे होती.

"ताई, तुम्ही कशाला आलात?"

"डॉक्टरांना भेटायला."

"अहो, ॲडमिशनच्या वेळी मी सांगून बसलोय, दुसरं काही घेत नाहीत. तीनदा विचारलं त्यांनी. तीनदा नाही म्हटलं. आता म्हणतील, लपवलं."

"तुम्ही लपवलं नाहीत. तुम्हाला ते औषध वाटलंच नाही."

"मग तुम्हाला वाटतं औषध?" हृषीकेशचा आवाज चढला आणि त्याने तो लगेच खाली आणला. "औषध वाटलं असतं तर एखादा फोन केला असतात ना, पाच आठवड्यांत. कसे आहेत म्हणून."

हे खरं होतं. जानेवारीच्या शेवटी तिच्या सलग पाळ्या लागल्या होत्या, मग प्रवेशाचं पत्र आलं, मग त्याच्या आनंदात आठवडे गेले. कराडला आठ दिवसांचं औषध दिलं की नवव्या दिवशी पेशंट दारात असायचा. इथे नवव्या दिवशी कुणी येत नाही. बरं वाटलं की लोक विसरतात, आणि ती त्यालाच बरं होणं समजत होती.

"नाही केला फोन," ती म्हणाली. "डबी द्या."

वॉर्डच्या डॉक्टर सुदानच्या होत्या. डॉ. अमाल. तिशीतल्या असतील, डोक्याला फिकट निळा रुमाल, डोळ्यांखाली दोन रात्रींचं जागरण. सुलेखाने डबी उघडून पुढे केली. त्यांनी वास घेतला आणि चेहऱ्यावरचा थकवा क्षणात बाजूला झाला.

"हे आमच्याकडे रमजानमध्ये पितात. सरबत करून. माझी आजी बीपीवाल्या मामाला ग्लास लावू द्यायची नाही." त्यांनी झाकण बंद केलं. "किती?"

"सहा ग्रॅम रोज, आठ दिवस, असं सांगितलेलं होतं. प्रत्यक्षात पाच आठवडे. रोज किती, ते मला माहीत नाही. आज सकाळपर्यंत चालू होतं."

"इथे? वॉर्डात?"

"हो."

डॉ. अमालनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. हृषीकेशने अण्णांच्या इस्लामपूरच्या डॉक्टरांकडून मागवलेली यादी होती. पाच औषधं सुलेखाच्या वहीतलीच. सहावं नव्हतं तिच्या वहीत. फ्युरोसेमाइड, सकाळी एक.

लघवीची गोळी. तीही पोटॅशियम बाहेर टाकते. दोन्ही मिळून काय करतात, हे सुलेखा झोपेतही सांगू शकली असती.

"ही त्यांच्या पिशवीत नव्हती," ती म्हणाली. "मी विचारलं होतं. नाही म्हणाले."

"मुलगा म्हणतो रोज घेतात. पण मला वाटतं, त्याला खरं माहीत नाही, यादीवरून सांगतोय. मला कळायला हवं. रोज घेत होते का, आणि किती. तुम्ही विचाराल? त्यांच्या भाषेत?"

अण्णा उशीला टेकून पडले होते. छातीवर तारा, हाताच्या शिरेत सुई. पोटॅशियम जाताना शीर जळते, म्हणून हातावर ओला टॉवेल. शेजारी स्वरांगी मऊ भाताचा डबा उघडून बसली होती.

"या, डॉक्टरीणबाई," अण्णा म्हणाले. "बगा, बॉयलर बंद पडला. आन् तुमची डबी तेवडी पळवली माज्या पोरानं."

"अण्णा, एक विचारायचं होतं. ती लघवीची—"

अण्णांची नजर खिडकीकडे गेली. बरोबर तशीच, त्या रविवारी गेली होती तशी. आणि सुलेखा बोलता बोलता थांबली. पलंगापाशी स्वरांगी होती. चमचा हातात धरून, काळजीने ऐकत होती.

कराडच्या दवाखान्यात कुणी म्हातारा सुनेबरोबर आला की सुलेखा आधी सुनेला पाणी आणायला पाठवायची. कंपाउंडर असतानाही सुनेलाच. हे तिला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नव्हतं, पण दवाखान्याला दार होतं आणि ते बंद करता येत होतं. इथे तिने कोथिंबिरीच्या वासात, पोह्यांच्या बशीवरून, सुनेच्या देखत विचारलं होतं. पिशवी रिकामी करून घेतली होती. स्वयंपाकघर रिकामं करून घ्यायला ती विसरली होती.

"स्वरांगी, जरा पाणी आणतेस?"

"आहे की ताई, जगमध्ये."

"कोमट आण."

स्वरांगी तिच्याकडे बघत राहिली, मग उठली. सुलेखाने पडदा ओढून घेतला आणि खुर्ची जवळ सरकवली.

"घेता ना?"

अण्णांनी पडदा नीट ओढलाय का ते पाहिलं. "घेतो की. सकाळी यक. बंडीच्या खिशात असती."

"मग त्या दिवशी मला नाही म्हणालात."

"सुनंच्या म्होरं?" अण्णा जवळजवळ चिडले. "ती तितं कोथमीर चिरतीया आन् मी लगवीचं सांगत बसू? येक तर हितं गाडीशिवाय पाऊल हलत न्हाई. गाडीत बसलं की ह्या गोळीनं धा मिन्टाला थांबव म्हनावं लागतंय. आडोसा कुटं हाय? झाड न्हाई, भित न्हाई, नुसतं गवात आन् मेंढ्या. पोरगा कायबी बोलत न्हाई, पर सून म्होरच्या सीटवर. म्हून फिराय जायच्या दिशी चुकवायचो."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"पाय सुजायचं. मोजं निगायचं न्हाईत. मग दोन घ्यायचो. कदी तीन."

"पूड किती वेळा?"

"ग्वाड लागतीया ती. उबळ आली की चमचा. पाच-सा येळा." आता त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "का? तिनंच झालं व्हय ह्ये?"

"दोघांनी मिळून. पूड आणि गोळी."

अण्णांनी वर टांगलेल्या बाटलीकडे पाहिलं, नळी बघत बघत हातापर्यंत आले. "म्हंजे खालनं दोनी व्हॉल उगडं, आन् ह्ये बिचारं वरनं पानी वततायत."

"हो."

"ताकद हाय म्हनायची तुज्या पुडीत. आमी आपलं साकर समजून खात हुतो." ते हसले, आणि हसताना मॉनिटर एकदम टिकटिकला, तसे दोघंही दचकून तिकडे बघायला लागले. रेघ पुन्हा नीट चालू लागली. "सुनंला सांगू नगं," अण्णा म्हणाले.

"डॉक्टरांना सांगावं लागेल."

"त्या बाईला सांग. ती कुटं माजी सून हाय."

डॉ. अमालनी सगळं टिपून घेतलं, आकडे दोनदा विचारले. मग त्यांनी नर्सला बोलावून औषधं बदलली. ज्येष्ठमध शरीराला खोटाच हुकूम देतं, की मीठ धरून ठेव आणि पोटॅशियम सोड. तो हुकूम अडवणारी एक गोळी असते, ती आता सुरू होणार होती. नुसतं ओतत राहण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त. दर सहा तासांनी रक्त. हृदयाचे लोक परत येऊन बघणार. हे सगळं पाच मिनिटांत ठरलं, कारण आता कशाशी लढायचं ते माहीत होतं.

मग त्यांनी एक फॉर्म उघडला. "हे कुणी सुचवलं?"

"ऑनलाइन घेतलं आम्ही," हृषीकेश चटकन म्हणाला. मघाचा राग त्याच्या आवाजात नव्हता. त्याने सुलेखाकडे पाहिलं नाही. पण तो तिला वाचवत होता, हे तिला कळलं. आणि दुसरी डबी खरंच ऑनलाइन घेतलेली होती. डॉ. अमालची बोटं कळफलकावर आली.

"मी दिलं," सुलेखा म्हणाली. "खोकल्यासाठी. तपासून दिलं. भारतात मी आयुर्वेदाची डॉक्टर होते. इथे नाही. इथे मी नर्सिंग होममध्ये केअर असिस्टंट आहे, आणि सप्टेंबरपासून ह्याच हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला यायचं आहे."

शेवटचं कुणी विचारलेलं नव्हतं.

डॉ. अमालनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत दिलासा नव्हता, दोषही नव्हता. "सप्टेंबरचं मी ठरवत नाही," त्या म्हणाल्या. "फार्मासिस्ट ह्याची नोंद करेल. नोंदीत नाव राहील. पुढे कोण विचारेल, विचारेल की नाही, मला माहीत नाही." मग पडद्याकडे वळून म्हणाल्या, "स्पेलिंग सांगा."

सुलेखाने एकेक अक्षर सांगितलं. दाराशी विनय उभा होता. तो केव्हा आला, तिने पाहिलं नव्हतं. त्याने मान खाली घातलेली होती.

संध्याकाळी सहाचं रक्त तपासायला गेलं. सातला आकडा आला: दोन पॉइंट सात. स्वरांगी रडायला लागली. डॉ. अमाल म्हणाल्या, एवढ्यात रडू नका, आणि हसूही नका. ज्येष्ठमधाचा असर उतरायला एक-दोन आठवडे लागतात, आणि हृदय तोवर कधीही दगा देऊ शकतं. आज फक्त दिशा बदलली. मग त्या सुलेखाला म्हणाल्या, "आणखी कुणाला दिलंय का? हेच, किंवा दुसरं काही?"

"दोन महिन्यांत नऊ जणांना."

"ते कोणती औषधं घेतात, बघितलं होतं?"

"बघितलं होतं." सुलेखा थांबली. "सगळ्यांच्या समोर."

डॉ. अमालना ते कळलं की नाही, कुणास ठाऊक. त्यांचा पेजर वाजला आणि त्या निघून गेल्या.

सुलेखा लिफ्टजवळच्या बाकावर वही उघडून बसली आणि त्या नऊ जणांना एकेक फोन लावू लागली. विनयने न विचारता फोनचा चार्जर तिच्या हातात दिला आणि शेजारी बसला. पहिल्या घरी सगळं ठीक निघालं. दुसऱ्या घरी कुणी उचललं नाही. तिने पुन्हा लावला, पुन्हा नाही, तेव्हा वहीतल्या त्या नावाशी तिने खूण केली आणि पुढे गेली. तिसरे शिरीष. पन्नाशीचे, चिप बनवणाऱ्या कारखान्यातले, तीन आठवड्यांपूर्वी झोप येत नाही म्हणून तिच्याकडे आलेले. त्यांच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती आणि मुलगी इंग्रजीत कशावरून तरी वाद घालत होती.

"बोला डॉक्टर! काय विशेष?"

"शिरीषभाऊ, एकटे आहात का? नसाल तर जरा बाहेर या. दोन मिनिटं."

"का हो, एवढं गुपित?" ते मोठ्याने हसले. ती हसली नाही. मग दार उघडल्याचा आणि बंद झाल्याचा आवाज आला, आणि फोनभर वारा.

"मी दिलेल्या औषधाशिवाय तुम्ही आणखी काही घेता? त्या दिवशी टेबलावर नव्हतं असं काही. मी कुणालाही सांगणार नाही. पण मला कळायला हवं."

वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना. फोन कट झाला की काय, असं वाटून तिने पडदा पाहिला. सेकंद पुढे जात होते.

"एक आहे," शिरीष म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. "दोन वर्षं झाली. घरी माहीत नाही."

"नाव वाचून दाखवा," सुलेखा म्हणाली. "सावकाश. मी लिहून घेते."